यंदा मिरगाचा किडा कुणाला दिसला काय?

परसातली आज्जी, वडगाव (बेळगाव)

नमस्कार. प्रश्न बारीकच आहे, हसणाऱ्यांनी हसावं. यंदा तुमच्यापैकी कुणाला मिरगाचा किडा दिसला काय? लाल मखमलीचा, बोटावर घेतला की पाय आखडून गप्प बसतो, आम्ही लहानपणी काडेपेटीत ओली माती घालून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी मेला म्हणून रडायचो, तोच.

विचारायचं कारण म्हणजे आमच्या घरात निघालेली कॅलेंडरं. घर जुनं आहे, पुढं गल्ली, मागं लांबट परस, परसात आड, एक नारळ, एक रामफळ, कढीपत्ता, पारिजातक, अबोलीची ओळ आणि सासूबाईंच्या वेळचा मोगरा. सासऱ्यांना एक सवय होती, कॅलेंडरच्या ज्या चौकटीत बाकीची माणसं दुधाचा खाडा लिहितात त्या चौकटीत हे पेन्सिलीनं परसातलं लिहायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा मे महिन्यात माळा साफ करताना सुतळीनं बांधलेला गठ्ठा निघाला, मुलगा रद्दीत घालायला निघालेला, मी हातातनं काढून घेतला. वाचायला बसले ते दुपारचा चहा करायचा राहिला. "पहिला वळीव. गारा." "मेफ्लावर ३." (कांद्यातनं येणारं लाल चेंडूसारखं फूल) "पावशा, पहाटे, आडाकडनं." "कोकिळेचं पिल्लू, कावळीण भरवते." "धोबी आला" (पक्षी, कपडेवाला नव्हे), हे दरवर्षी नवरात्राच्या मागंपुढं. आणि जूनमध्ये हमखास एक "मि. कि." आणि पुढं आकडा. कधी ४, कधी ७, एका वर्षी ११. मला वाटलं मिरची किलो. पण अकरा किलो मिरची कशाला आणली असेल, तीही जूनमध्ये, चटणी तर आम्ही एप्रिलातच कांडून ठेवतो. शेवटी धाकट्या दिरांना फोन केला. ते हसून हसून खोकायला लागले. म्हणाले वैनी, मिरगाचा किडा तो, अण्णा मोजायचे.

मग म्हटलं यंदा आपण मोजू. मिरगाच्या दिवशी गुळात हिंग घालून सगळ्यांना गोळी दिली (सासूबाईंची पद्धत, पोटाला बरी म्हणायच्या, नातवंडं तोंड वाकडं करतात) आणि त्या दिवसापासनं रोज सकाळी चहाचा कप घेऊन परसात वाकून वाकून बघायलेय. गोगलगायी आहेत, पैसा किडे ढिगानं आहेत, गांडुळं आहेत, बेडकं रात्री झोपू देत नाहीत. मिरगाचा किडा एकसुद्धा नाही. वटपौर्णिमा होऊन गेली, आर्द्रा लागायला आली. संपले काय हे किडे? का मलाच बघता येईना? चष्मा तर नवा आहे.


यळ्ळूरचा शेतकरी

आज्जी तुम्ही उशिरा बघायला लागलासा. आमच्या रानात मे मधेच येऊन गेले की. यंदा पाऊस कसा झाला आठवा, विसाव्या तारखेच्या मागंपुढं जे लागलं ते उघडायचं नावच घेईना. धूळवाफ पेरणी करायची म्हणून ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलेलं, तो म्हणतोय चिखलात घालू काय, मशागत राहिली, भाताचं बी घरात पोत्यात तसंच. एक दिवस जरा ऊन पडलं म्हणून वाफसा आलाय काय बघायला बांधावर गेलो तर बांधाच्या कडंला सात-आठ तरी होते. फोटो काढायचं सुचलं नाही, तेव्हा डोकं फिरलेलं. आमचे वडील म्हणाले मिरगाचा किडा रोहिणीत आला, यंदाचं काय खरं नाही. मी म्हटलं बाबा किड्याला कुठं पंचांग वाचता येतंय. त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.


निवृत्त मास्तर, खानापूर

यळ्ळूरकर, वडिलांचा राग काढा, कारण बोललात बरोबर. चाळीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पोरं दरवर्षी जूनमध्ये हा प्राणी डब्यातनं आणायची, त्यामुळं थोडं लिहितो.

पहिलं म्हणजे हा किडा नव्हेच. पाय मोजा, आठ आहेत. कोळी, विंचू, गोचीड यांच्या भाऊबंदातला. हिंदीत याला बीरबहूटी म्हणतात. वर्षातला बहुतेक काळ हा मातीच्या आत काढतो, आपण त्याच्या डोक्यावरनं चालत असतो पण पत्ता लागत नाही. पहिला दमदार पाऊस पडून माती आत पर्यंत भिजली की वर येतो, तेही दिवसभर नव्हे, सकाळचे काही तास, ऊन तापलं की परत आत. आणि वर यायची कारणं दोन. एक पोट. त्याच पावसानं वाळवीला पंख फुटून ती जमिनीतनं उठते, दिव्याखाली सकाळी पंखांचा सडा पडलेला असतो बघा, ती याची मेजवानी. दुसरं लग्न. नर जमिनीवर काटक्यांवर बारीक धाग्याची वाट आखून ठेवतो, मादीला पसंत पडली तर ती त्या वाटेनं जाते. मग मादी मातीत अंडी घालते. पिल्लं निघाली की ती नाकतोड्यासारख्या किड्यांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस शोषून वाढतात, मग सुटून मातीत जातात. असं हे चक्र आहे. लाल रंग आहे तो दाखवायलाच, मला खाऊ नका मी वाईट लागतो असं सांगणारा, म्हणून एवढा भडक असून पाखरं त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत.

आता मिरगाचा संबंध. आपल्या भागात माती भिजवणारा पाऊस साधारण ७-८ जूनला, मृग लागताना येतो, म्हणून नाव मिरगाचा किडा. यंदा (२०२५) मोसमी पाऊस केरळातच २४ मेला आला, एरवी १ जून धरतात, २००९ नंतर एवढा लवकर आला नव्हता. त्याच्या आधीपासनं आपल्याकडं वळवानं झोडपलेलं होतंच. म्हणजे माती मे मधेच भिजली आणि मंडळी वर येऊन, जेवून, लग्न लावून परत गेली, आणि आज्जी तुम्ही हिंगाची गोळी घेऊन आठ जूनला दारात उभ्या.

तुमच्या कॅलेंडरात एक बघा. मि. कि. च्या आधी एक-दोन दिवसांत पावसाची नोंद आहे काय?


परसातली आज्जी, वडगाव (बेळगाव)

मास्तर तुम्ही विचारलं म्हणून सुतळी परत सोडली. आहे! "पाऊस, पन्हाळ वाहिली" असं असतं आणि त्याच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी मि. कि. एका वर्षी ३० मेला आहे, पुढं "रोहिणीतच" असं लिहून उद्गारचिन्ह, म्हणजे अण्णांनाही आश्चर्य वाटलेलं. एवढे दिवस मी फक्त मि. कि. बघत होते, वरची ओळ बघितलीच नाही.

पण मास्तर एक शंका राहतेच. यंदाचं सोडा. गेल्या वर्षी, त्याच्या आधी, पाऊस जूनमध्येच आला की. तेव्हाही परसात दिसल्याचं मला आठवत नाही. मोजत नव्हते हे खरं, पण एवढा लाल जीव डोळ्यासमोरनं गेला तर कळेलच न्हवं? थोरलीच्या लग्नापर्यंत दिसायचे, त्याच्या पुढचं आठवत नाही.


अनगोळकर

थोरलीच्या लग्नात परसात काय केलात? फरशी घातली? औषध मारलं? खरं सांगा.


परसातली आज्जी, वडगाव (बेळगाव)

दोन्ही.

लग्नाला पाव्हणे यायचे, पावसाळा तोंडावर, चिखल होईल म्हणून मागच्या दारापासनं आडापर्यंत आणि पुढं कंपाउंडपर्यंत पेव्हर ब्लॉक घातले. नारळाचं आळं आणि मोगऱ्याची वीतभर पट्टी तेवढी मोकळी. आणि त्याच वर्षी मागच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागलेली, सागाची चौकट, आतनं पोकळ झालेली, बोट लावलं तर आत गेलं. मग औषधवाले आले, भिंतीच्या कडेनं मशीननं भोकं पाडली आणि ओतलं. आठवडाभर वास. ह्यांनी वर्षातनं दोनदा मारून घ्यायचं ठरवलं, ते अजून चालू आहे, कॉन्ट्रॅक्टच आहे. अण्णा असते तर ओरडले असते, पण अण्णांनीही चौकट बघितली असती तर गप्प बसले असते असं वाटतं.


अनगोळकर

मग आता किडा कुठनं यायचा. वरनं सिमेंट, खालनं विष. आमच्या अख्ख्या कॉलनीत हेच, घराभोवती इंचभर माती ठेवत नाहीत आणि मग चिमण्या गेल्या, फुलपाखरं गेली, पाणी मुरेना म्हणून व्हॉट्सअपवर रडतात. माझ्या शेजाऱ्यानं तर आंब्याच्या बुंध्याला चिकटून काँक्रीट केलंय, झाडाला गळफास दिल्यागत. बोललो तर म्हणतो पानं झाडायला सोपं जातं.


निवृत्त मास्तर, खानापूर

अनगोळकर जरा दमानं. चौकट पोकळ झाल्यावर माणूस औषधच मारणार, वाळवीची आरती करणार नाही. भिंतीला लागून ओतलेलं औषध अख्ख्या परसात पसरतं असंही नाही. मला मोठं कारण पेव्हर वाटतात. या प्राण्याला वर यायला आणि अंडी घालायला भुसभुशीत माती लागते, त्याच्या पिल्लांना नाकतोडे लागतात, नाकतोड्यांना गवत लागतं. यातलं काहीच ब्लॉकवर नाही. वाळवीचंही तसंच, घरातली नको हे कबूल, पण परसाच्या कोपऱ्यात पालापाचोळा खाणारी वाळवी वेगळी, ती चौकटीकडं येईलच असं नसतं. सगळीच वाळवी शत्रू म्हणून धरली की मग तिच्यावर जगणारे पण जातात.


जांबोटी रोड

मास्तरांनी वाळवीचं काढलं म्हणून आमच्याकडचं सांगतो. आमच्या घरामागं काजूची झाडं आहेत आणि मधे एक वारूळ आहे, कंबरेएवढं. आई कुणाला हात लावू देत नाही, नागपंचमीला पूजा, पण खरं कारण अळंबी. आषाढात पाऊस-ऊन असा खेळ चालू झाला की त्या वारुळाच्या अंगाला रात्रीत छत्र्या उगवतात. ही अळंबी वाळवीच पिकवते म्हणतात, आत बुरशीची शेती करते, तिचीच फळं वर येतात, म्हणून दुसऱ्या कुठं लावतो म्हणून लागत नाही, लोकांनी करून बघितलंय. वारूळ मोडलं की अळंबी बंद. आमच्या चुलत्यानं जेसीबीनं रान सरळ केलं, आता श्रावणात आमच्या दारात येऊन विचारतोय उगवली काय रे.

यंदा मे मधल्या पावसानं काजव्यांचं पण वाटोळं केलं. एरवी मेच्या शेवटी वळीव पडून उघडीप झाली की आमच्या ओढ्याकडच्या झाडांवर काजवे असे लखलखतात की झाडंच्या झाडं चालू-बंद होतात. बेळगावातनं गाड्या घेऊन येतात लोक, हेडलाइट चालू ठेवूनच बघतात, मग दिसत नाहीत म्हणतात. यंदा चार-पाच दिवस बऱ्यापैकी होते आणि मग जो पाऊस लागला त्यात संपलं. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीकडं तर विचारू नका, तिकडं जूनमध्ये काजवे सोडा रस्ता दिसेना.


निपाणीची पोरगी

विषय सोडून विचारते, माफ करा, पण इथं जाणकार आहेत म्हणून. टेरेसवर मोठ्या कुंडीत कढीपत्ता आहे, चार वर्षं जपलाय. गेल्या आठवड्यात पानांवर पक्ष्याची शीट पडलीय असं वाटलं म्हणून पुसायला गेले तर ती हलली!! आता त्यातल्या दोन हिरव्यागार जाड अळ्या झाल्यात, डोळ्यासारखे ठिपके, हात लावला तर डोक्यातनं नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि घाण वास मारते. अर्धं झाड खाल्लं. आई म्हणते निरम्याचं पाणी मार. मारू काय?


निवृत्त मास्तर, खानापूर

नको. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी आहे, पिवळट-काळं, खाली लाल ठिपका असलेलं मोठं फुलपाखरू टेरेसवर फिरताना बघितलं असशील. लिंबू, कढीपत्ता, बेल हे एकाच कुळातले, ते सगळे तिला चालतात. लहान असताना शीट, मोठी झाल्यावर पान, आणि धरलं की वासाची शिंगं, सगळी सोंगं जीव वाचवायची. झाड मोठं असेल तर काही होत नाही, पावसात महिन्याभरात परत फुटेल. फारच खात असेल तर दोन-तीन अळ्या उचलून कुणाच्या लिंबाच्या झाडावर सोड.


परसातली आज्जी, वडगाव (बेळगाव)

अगं माझ्या कढीपत्त्यावर पण येतात दर श्रावणात. मी काय करते, खालच्या दोन फांद्या त्यांच्या आणि वरचा शेंडा माझ्या फोडणीचा. त्या ऐकत नाहीत, पण शिंपी पक्षी आणि बुलबुल येऊन निम्म्या उचलून नेतात, हिशेब जुळतो. एकदा एक कोश डब्यात ठेवून जाळीचं झाकण लावलं होतं, दहा-बारा दिवसांनी फुलपाखरू निघालं, पंख वाळेपर्यंत नातू शाळेला गेला नाही, बाईंना चिठ्ठी काय लिहायची हा प्रश्न पडला.


निपाणीची पोरगी

थँक्यू आज्जी, थँक्यू सर. आईला वाचून दाखवलं. ती म्हणतेय मग फोडणीला पण आज्जींकडनंच आण.


गोकाकचा

मूळ विषयावर येतो. आमचं रान काळं, पाऊस तुमच्या खानापूरच्या मानानं काहीच नाही, एकाच जिल्ह्यात राहतो पण तिकडं लोक छत्री वाळत घालतात आणि इकडं ढग बघत बसतो. पण यंदा आमच्यात पण रोहिणीत चांगला झाला. आमच्या शेजारचे अज्जा कानडीत म्हणतात रोहिणी मळी आदर ओणी तुंब जोळ, म्हणजे रोहिणीचा पाऊस झाला तर गल्लीभर जोंधळा. ते खुशीत होते, म्हणजे यळ्ळूरच्या वडलांचं आणि आमच्या अज्जांचं एकाच पावसावर उलटं मत. भातवाल्याला नडला तो जोंधळेवाल्याला पावला.

किडा मी बघितला, मे च्या शेवटच्या आठवड्यात, शेवग्याखाली, तीन. त्यानंतर जूनमध्ये पाऊस होऊन पण दिसला नाही. म्हणजे मास्तर म्हणतात तसंच, पहिल्या भिजण्याला येतात, मग नाही. पोरांनी तळहातावर घेऊन शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकला तर निम्म्या पालकांनी विचारलं हे चावतं काय. आपल्या वेळेला हे विचारणारा कोण नव्हता.


परसातली आज्जी, वडगाव (बेळगाव)

थांबा थांबा. नातीनं तुमचं सगळं वाचलं आणि तिचा मोबाइल उघडला. २७ मे ची तारीख आहे, पावसानंतरचा फोटो, तुळशीकट्ट्याला लागून लाल काहीतरी! दोन आहेत, एकमेकांना पाठमोरे चिकटून. तिनं गंमत म्हणून काढलेला. म्हणजे आले होते की आमच्याकडं पण! फोटो टाकलाय बघा. मला रात्री झोप लागली नाही, ह्यांना उठवून सांगितलं, म्हणाले सकाळी सांग.


निवृत्त मास्तर, खानापूर

फोटो मोठा करून बघितला. आज्जी वाईट वाटून घेऊ नका, पण पाय मोजा. सहा आहेत. आणि पाठीवर काळे ठिपके, मिशा लांब. हा लाल ढेकूण, भेंडीवर, जास्वंदीवर, कापसावर असतो, जोडीनं असाच पाठमोरा चिकटून फिरतो. तुमच्या तुळशीकट्ट्याशेजारी भेंडी किंवा जास्वंद आहे काय?


परसातली आज्जी, वडगाव (बेळगाव)

जास्वंद आहे.

मिरची किलोच बरी होती.


अनगोळकर

आज्जी मी मगाशी जरा जोरात बोललो. आमच्या घरी पण पुढच्या अंगणात फरशीच आहे, वडिलांनी घातलेली, मी काय काढलेली नाही. पण मागं चार बाय सहाचा तुकडा मोकळा ठेवलाय, त्यात काही लावत नाही, येईल ते येऊ देतो. टाकळा, तेरडा, गवत, कसलं कसलं येतं. गेल्या दोन वर्षांत तिथं सरडा, टोड, एकदा धामणीचं पिल्लू, आणि भाद्रपदात तेरडा असा फुलतो की गल्लीतल्या बायका गौरीला मागायला येतात. मिरगाचा किडा मात्र तिथं अजून नाही आला हे पण सांगतो. मातीच मागच्या प्लॉटवरनं उचलून आणून टाकलेली भराव, त्यात काय अंडी असणार.


जांबोटी रोड

भरावाच्या मातीत वेळ लागतो. आमच्यात घर बांधताना काढलेली माती एका बाजूला टाकली होती, तिथं पहिली पाच वर्षं नुसतं काँग्रेस गवत.


परसातली आज्जी, वडगाव (बेळगाव)

काल संध्याकाळी ह्यांच्याशी बसून बोलणं झालं. मोगऱ्याच्या पट्टीपासनं कंपाउंडपर्यंतचे ब्लॉक काढायचे, तीन ओळी, दारापासनं लांब आहे ते. ह्यांची अट, औषध भिंतीच्या कडेला चालूच राहणार, चौकट दुसऱ्यांदा बदलायला पैसे नाहीत. माझी अट, त्या तीन ओळींच्या पुढं औषधवाल्यानं पाऊल टाकायचं नाही. नातवानं आजच एक ब्लॉक उचकटून बघितला, खाली खडी आणि वाळू, तिच्याखाली माती दगडासारखी. खोदून मोकळी करायला लागणार आणि वरनं चांगली माती घालायला लागणार. भराव नको हे आता कळलं. कुणाच्या रानातली मिळेल काय?


यळ्ळूरचा शेतकरी

आमच्या बांधाकडंची न्या की. किडे होते तिथलीच देतो, अंडी असली तर असली. पण सांगून ठेवतो, आमच्या मातीत हुमणी पण असते, ती मोगऱ्याची मुळं खाते, नंतर मला फोन करायचा नाही. आणि पाऊस उघडल्यावर या, आत्ता बैलगाडी पण आत जाईना.


निवृत्त मास्तर, खानापूर

थोडीच आणा, पाटीभर, आणि काडेपेटीतनं किडे आणायचे नाहीत. पुढच्या वर्षी नक्षत्र बघू नका, पन्हाळ बघा. ती वाहिली की दुसऱ्या सकाळी चहाच्या आधी जा, चहा झाल्यावर नाही.


परसातली आज्जी, वडगाव (बेळगाव)

चहाच्या आधी म्हणजे मास्तर तुम्ही अवघड सांगितलात.

यळ्ळूरकर, गोणी आणि नातू दोन्ही पाठवते. वडलांना सांगा आमच्या अण्णांच्या कॅलेंडरात रोहिणीतला किडा आहे, आणि त्याच वर्षी आमच्या रामफळाला कधी नव्हे एवढी फळं आल्याचं पण लिहिलंय, बोलतील बहुतेक तुमच्याशी. आणि मेफ्लावरचे कांदे वाढलेत आळ्यात, दाटी झालीय. यंदा फुलं वेळेवर आली पण पावसानं दोन दिवसांत चेंडूचा चिखल केला. चार कांदे काढून नातवाबरोबर देते, बांधावर लावा, थंडीत पानं वाळून जातात तेव्हा मेलं म्हणून उपटू नका.


यळ्ळूरचा शेतकरी

बांधावर नाही लावत, म्हशी खातील. दारात लावतो. वडील विचारायलेत ते कॅलेंडर बघायला मिळेल काय.